प्रोसेसर घेताना कोअर मोजू नका, काम मोजा

शनिवार पेठेत बसून नवा डेस्कटॉप जुळवणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: सर्वांत महाग प्रोसेसर हा सर्वांसाठी सर्वोत्तम नसतो. याच पुण्यात सी-डॅक या संस्थेने १९९१ साली अनेक प्रोसेसर एकत्र जुंपून 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. पण अशी ताकद फळते ती काम वाटून घेता येत असेल तरच. ॲमडालचा नियम हेच सांगतो. कामाचा ८० टक्के भाग वाटता येत असेल, तर ८ कोअरवर वेग जास्तीत जास्त ३.३ पट होतो आणि १६ कोअरवर ४ पट. कोअर दुप्पट, फायदा जेमतेम २० टक्के! गेमिंगमध्ये तर कॅशे, म्हणजे प्रोसेसरमधलीच जलद मेमरी, मोलाची ठरते. एएमडीचे रायझन ७ ९७००एक्स आणि ९८००एक्स३डी दोन्ही ८ कोअरचे, पण एल३ कॅशे अनुक्रमे ३२ आणि ९६ एमबी. बहुतेक गेममध्ये दुसरा स्पष्टपणे पुढे असतो.

कुणी म्हणेल, 'पुढे लागतील की जास्त कोअर!' मग या रायझन प्रोसेसरांना चालणारा एएम५ सॉकेटचा बोर्ड घ्या; गरज पडेल तेव्हा फक्त प्रोसेसर बदला. ब्लेंडरमध्ये रेंडरिंग किंवा मोठे कोड कंपाइल करणं हेच रोजचं काम असेल, तर १६ कोअरचा रायझन ९ ९९५०एक्स जरूर घ्या. मात्र त्याचा टीडीपी, म्हणजे कूलरने बाहेर काढायच्या उष्णतेचं माप, १७० वॉट आहे. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे सरकतो, तेव्हा उत्तम कूलर आणि हवेशीर कॅबिनेटचा खर्चही आधीच हिशेबात धरा.