कच्चे चित्रण, संकलन व रंगसंस्करण

बारामतीहून इंदापुराकडे जाताना बेलवाडी मागे पडली की लासुर्णे लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस, काळी जमीन आणि आषाढाच्या तोंडावर ह्या रस्त्याने जाणारी तुकाराममहाराजांची पालखी ही ह्या टापूची परिचित दृश्ये होत. काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण व बेलवाडीचे गोल रिंगण आटोपून वारकऱ्यांचा समुदाय येथून पुढे सरकतो. डोळ्यास हे दृश्य सोपे वाटते. कॅमेऱ्यास मात्र ते फार अवघड जाते. ढगांतून अकस्मात ऊन पडले की धोतरे व टोप्या लखलखतात आणि त्याच क्षणी टोपीखालचा उन्हाने रापलेला चेहरा सावलीत बुडतो. चित्रपटगृहाच्या पडद्यावर वा घरच्या दूरचित्रवाणीवर जेवढे तेजाचे अंतर दाखविता येते, त्याहून ह्या दोहोंतील अंतर पुष्कळ अधिक असते. तेव्हा काही तरी आकुंचित करावेच लागते. काय आणि किती, ह्याचा निर्णय पूर्वी बव्हंशी चित्रणाच्या वेळी व प्रयोगशाळेत होत असे; डिजिटल चित्रणात तो पुढे ढकलता येतो. ‘कच्चे चित्रण’ ह्या संज्ञेचा खरा अर्थ एवढाच आहे.

मराठीत ‘कच्चे’ ह्या शब्दास किमान दोन छटा आहेत. कच्च्या फळात अपूर्णता अभिप्रेत असते. कच्च्या कीर्दीत मात्र व्यवहार घडताक्षणी केलेली मूळ नोंद अभिप्रेत असते, आणि तंटा उद्भवला तर पक्क्या खात्याची पडताळणी तिच्याशीच केली जाते. सिनेमाच्या संदर्भात पहिली छटा दिशाभूल करणारी व दुसरी यथार्थ आहे. कच्चे चित्रण हे अर्धवट राहिलेले चित्र नव्हे. ते अद्याप चित्रच नव्हे. ती मापनांची नोंदवही आहे.

कॅमेऱ्यातील संवेदकावर लक्षावधी सूक्ष्म कोष असतात. प्रत्येक कोष आपल्यावर पडलेला प्रकाश मोजतो, परंतु रंग ओळखत नाही. म्हणून प्रत्येकावर तांबडी, हिरवी वा निळी गाळणी बसविलेली असते. चार कोषांमागे दोन हिरवे, एक तांबडा व एक निळा, अशी ही प्रचलित मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर ह्यांची असून तिचे पेटंट १९७६ सालचे आहे. परिणामी कोणत्याही एका ठिकाणी तीनपैकी एकच रंग प्रत्यक्ष मोजला जातो. उरलेले दोन शेजारच्या कोषांवरून गणिताने अनुमानिले जातात. म्हणजे पडद्यावरील रंगांचा दोनतृतीयांश भाग अनुमानाचा असतो. हे अनुमान कॅमेऱ्याने तेथल्या तेथे करून टाकले तर मूळ मापने नाहीशी होतात. कच्च्या चित्रणात ती तशीच राखली जातात, आणि पुढे अनुमानाची अधिक चांगली रीत निघाली तर जुन्याच नोंदींतून अधिक स्वच्छ चित्र काढता येते.

मापने कोणत्या प्रमाणात नोंदवावयाची, हाही प्रश्न आहे. बारा बिटांत ४०९६ पायऱ्या होतात. त्या प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाटल्या तर निम्म्या, म्हणजे २०४८, केवळ सर्वांत तेजस्वी अशा एका दुपटीच्या वाट्यास जातात. तिच्या खालच्या दुपटीस १०२४, तिच्याखाली ५१२, आणि आठव्या दुपटीस अवघ्या १६ उरतात. धोतराच्या शुभ्रतेस हजारो आणि टोपीखालच्या चेहऱ्यास मूठभर, अशी ही वाटणी होय. हे टाळण्यासाठी लघुगणकी नोंद करतात. तीत प्रत्येक दुपटीस जवळपास सारखा हिस्सा मिळतो. अशी नोंद साध्या पडद्यावर तशीच पाहिली तर फिकट, धुरकट दिसते, आणि चित्रण बिघडले असा नवख्याचा समज होतो. बिघडलेले काहीच नसते.

एक गोष्ट मात्र कच्च्या नोंदीतही परत मिळत नाही. पर्जन्यमापक काठोकाठ भरून वाहू लागला की पुढचा पाऊस किती पडला हे सांगता येत नाही. कोषाचेही तसेच आहे. त्यातही हिरव्या गाळणीखालचे कोष सामान्यतः आधी भरतात. मग शुभ्रतेचे संतुलन साधताना तांबडा व निळा वाढविला की उन्हातल्या धोतरावर गुलाबी-जांभळी झाक उमटते. वारीसारख्या दृश्यात अनुभवी छायालेखक पांढऱ्यावर नजर ठेवून प्रकाश बेतशीर घेतो आणि सावलीतले चेहरे नंतर उचलता येतील ह्या भरवशावर राहतो, ते ह्याच कारणाने. तो भरवसाही अमर्याद नाही. फार उचललेल्या काळोखात दाणे दिसू लागतात.

ह्या नोंदीचा आकार प्रचंड असतो. ४०९६ गुणिले २१६० कोषांची बारा बिटांची नोंद, सेकंदास चोवीस चौकटी ह्या वेगाने, कोणताही संक्षेप न करता घेतली, तर दर सेकंदास सुमारे ३१८ मेगाबाइट आणि तासास सव्वा टेराबाइटाच्या थोडी खाली भरते. म्हणून संकलक मूळ सामग्रीस हात लावीत नाही. हलक्या प्रतींवर तो काटछाट करतो. कोणत्या तुकड्याची कोणती चौकट कोठे सुरू व कोठे संपते, एवढीच यादी त्याच्या कामातून निघते. प्रत्येक चौकटीस जोडलेल्या कालांकाच्या आधारे ती यादी मूळ नोंदींवर पुन्हा बसविली जाते. तुकड्यांची नावे मध्येच कोणी बदलली असतील तर ह्या टप्प्यावर अनर्थ ओढवतो. संकलनाची कला निराळ्या लेखाचा विषय आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की काटछाट झाली तरी मूळ अभंग राहते.

त्यानंतर रंगसंस्करण. व्यवसायात त्यास ‘ग्रेडिंग’ किंवा ‘डीआय’ म्हणतात. प्रथम काळोख, मध्यम तेज व उजेड ह्यांच्या पातळ्या ठरतात, मग एका दृश्यातील तुकडे परस्परांशी जुळवावे लागतात. अर्ध्या तासात आभाळ तीनदा पालटले असले तरी प्रेक्षकास एकच दुपार दिसली पाहिजे. पुढचे काम अधिक नाजूक असते. उसाचा हिरवा थोडा खाली आणावयाचा म्हणून त्या रंगाचा पट्टा निवडला, तर रस्त्यावरच्या एखाद्या हिरव्या लुगड्याचाही रंग त्याबरोबर उतरतो. वर्णपटात सीमा नसतात. ‘पोपटी’ कोठे संपतो व ‘हिरवा’ कोठे सुरू होतो हे भाषा ठरविते, आणि येथे ते यंत्रावर बसलेल्या माणसास ठरवावे लागते.

सर्वांत मोठी जबाबदारी चेहऱ्याच्या रंगाची. विसाव्या शतकाच्या मध्यास रंगीत छायाचित्रांच्या प्रयोगशाळांतून ‘शर्ली’ नावाने ओळखले जाणारे नमुनापत्र वापरीत. त्यावर गौरवर्णीय स्त्रीचे चित्र असे व तिची कांती बरोबर उतरली की छपाई बरोबर, असे मानले जाई. सावळ्या कांतीचे बारकावे त्यात हरवत. डिजिटल यंत्रावर रंगदर्शक आलेखात त्वचेची म्हणून एक रेषा दाखविलेली असते. तिचा आधार निराळा आहे: गव्हाळ, निमगोऱ्या, सावळ्या वा काळ्या, सर्व कांतींची मूळ रंगदिशा रक्त व त्वचेतील रंगद्रव्य ह्यांमुळे जवळपास एकच असते, फरक पडतो तो तेजाचा व गडदपणाचा. म्हणून वारकऱ्याचा चेहरा स्पष्ट करणे आणि तो उजळ करणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत सावलीतील सुरकुत्या, घाम, कपाळीचा बुक्का दिसू लागतो. दुसरीत माणूसच बदलतो. दुसरीची सवय आपल्या व्यवसायात फार रुळली आहे.

पाठसंपादनाशी परिचित असलेल्या वाचकास ह्या पद्धतीत ओळखीचे काही आढळेल. १९१९ मध्ये आरंभ होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वर सिद्ध संहिता व खाली पाठभेद दिलेले आहेत. संपादकाने काय स्वीकारले व काय सोडले, हे त्यामुळे तपासता येते. रंगसंस्करणातही मूळ नोंद व तिच्यावरील निर्णय वेगळे ठेवता येतात. अमेरिकेतील छायालेखकांच्या संस्थेने, अमेरिकन सोसायटी ऑफ सिनेमॅटोग्राफर्सने, प्राथमिक निर्णयांची जी सर्वमान्य यादी रूढ केली तीत एका तुकड्यास अवघे दहा आकडे लागतात: तीन रंगांस प्रत्येकी तीन व एकूण गडदपणाचा एक. तथापि रंगपट्ट्यांची निवड, चेहऱ्यापुरते काढलेले मुखवटे इत्यादी सूक्ष्म काम ह्या दहांत मावत नाही. ते विशिष्ट आज्ञावलीच्या फायलीतच राहते. शिवाय बहुतेक कच्चे नमुने उत्पादकाच्याच आज्ञावलीने उलगडतात. ती कालबाह्य झाली की नोंद शिल्लक असूनही लिपी हरवल्यासारखी स्थिती होते. म्हणून हॉलिवुडच्या अकॅडमीने २०१४ मध्ये ‘एसेस’ ह्या खुल्या रंगव्यवस्थेची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसृत केली.

मराठी सिनेमास हा प्रश्न सर्वस्वी नवा नाही. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात असताना १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा प्रयत्न झाला. फितीवरील रंगप्रक्रिया जर्मनीत करावी लागली, व्ही. शांताराम त्यासाठी तेथे गेले, आणि हाती आलेले रंग निराशाजनक निघाले. परतून पुन्हा संस्कार करता येतील अशी तटस्थ नोंद त्या काळी शक्यच नव्हती. आज ती शक्य आहे. पण साठवणुकीचा खर्च वाचविण्यासाठी चित्रपट प्रदर्शित झाल्यावर कच्चे चित्रण पुसून टाकले जाते आणि संस्करण झालेली एकच प्रत उरते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींना आग लागून अनेक जुने चित्रपट गेले. तो अपघात होता. पुसणे हा निर्णय असतो.

किमान अपेक्षा फार खर्चाच्या नाहीत. कच्च्या नोंदींच्या दोन प्रती चुंबकीय फितीवर दोन निराळ्या गावी असाव्यात, निर्णयांची यादी व तिच्याबरोबर आज्ञावलीचे नाव व आवृत्ती लिहिलेली असावी, आणि प्रत्येक स्थळी आरंभीच्या काही चौकटींत त्याच उजेडात धरलेली रंगपट्टी चित्रित करावी. लासुर्ण्याच्या शिवारातली माती ओली असताना किती काळी होती, हे वीस वर्षांनी यंत्रापुढे बसणाऱ्यास त्या चौकटींवरूनच ठरविता येईल.