एपिडॉरसची कुजबूज

ग्रीसमधील एपिडॉरसच्या प्राचीन रंगमंडलात मध्यभागी कुजबुजले तरी शेवटच्या रांगेत ऐकू येते, असे सर्रास सांगितले जाते. डच संशोधकांनी तिथे घेतलेल्या मोजमापांचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. कुजबूज पुढच्या रांगांपुरतीच समजते. खणखणीत आवाजातले बोलणे मात्र थेट वरपर्यंत पोहोचते. उघड्या आकाशाखाली, ध्वनिक्षेपकाशिवाय, हेदेखील विलक्षणच आहे.

त्यामागे ध्वनिरचना (आवाज नीट पोहोचावा म्हणून केलेली जागेची आखणी) आहे. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या वास्तुकाराने निसर्गतःच उतरता डोंगर निवडला आणि त्याच्या कुशीत चुनखडीच्या आसनांच्या रांगा बसवल्या; पुढे भर पडून त्या 55 झाल्या. वर्गाच्या फोटोत मागच्या मुलांना बाकावर उभे करतात, म्हणजे प्रत्येक चेहरा कॅमेऱ्यासमोर येतो. इथेही चढामुळे प्रत्येक प्रेक्षक नटासमोर येतो. आवाज पुढच्या डोक्यांवर अडत नाही. कठीण दगड आवाज फारसा शोषत नाही, परतवतो. पायऱ्यांची रचना खालच्या पट्टीतला गोंगाट दाबते, असेही एका अभ्यासात मांडले आहे.

म्हणून श्रेय एकट्या दगडाला देऊ नये, आणि एकट्या उतारालाही नाही. नाटकाची गरज, डोंगराचा उतार आणि चुनखडी यांचा एकत्र विचार झाला, हेच या वास्तूचे खरे मोठेपण आहे. उन्हाळ्यात आजही तिथे प्राचीन ग्रीक नाटकांचे प्रयोग होतात.