मतपेटीवर परकी सावली

परदेशस्थ नागरिकांनी मतदानास प्रारंभ करावा आणि त्याच दिवशी घटना-न्यायालयाने सारी निवडणूकच रद्दबातल ठरवावी, असा प्रसंग लोकशाहीच्या इतिहासात विरळाच. रुमानियात तो ६ डिसेंबर २०२४ रोजी घडला. अध्यक्षीय निवडणुकीच्या २४ नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत कॅलिन जॉर्जेस्कू हे अपक्ष उमेदवार सुमारे २३ टक्के, म्हणजे २१ लाखांहून अधिक मते मिळवून अनपेक्षितपणे अग्रस्थानी आले होते. प्रचारावर आपण कपर्दिकही खर्च केली नाही, असे त्यांनी हिशेबात दाखविले होते. 'टिकटॉक'वर मात्र त्यांचा प्रचार वणव्यासारखा पसरला होता. २ डिसेंबर रोजी न्यायालयाने या फेरीवर शिक्कामोर्तब केले. दोनच दिवसांनी गुप्तवार्ता खात्यांची टिपणे खुली झाली, त्यांत रशियाच्या कारवायांकडे निर्देश होता. आणि न्यायालयास आपला निर्णय फिरवावा लागला. यंत्रतंत्राचा छुपा वापर आणि अघोषित पैसा यांमुळे मतदारांची दिशाभूल झाली व उमेदवारांमधील समान संधी नष्ट झाली, यावर निकालाचा भर होता. जॉर्जेस्कू यांनी आरोप नाकारले. मार्च २०२५ मध्ये त्यांची उमेदवारी नाकारली गेली, आणि मे महिन्यातील फेरनिवडणुकीत निकुशोर डान अध्यक्ष झाले.

हा निकाल योग्य होता काय? आमच्या मते, त्या घटकेस न्यायालयापुढे निर्दोष असा मार्गच उरला नव्हता. परीक्षागृहाच्या खिडकीबाहेरून कोणी चिठ्ठ्या पुरविल्या आणि ते उशिरा उघडकीस आले, तर सगळ्या वर्गाचीच परीक्षा रद्द करावी लागते. प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलास तो अन्याय वाटतो, आणि खिडकीबाहेरचा इसम सुखाने घरी गेलेला असतो. रुमानियात नेमके हेच झाले. शिक्षा झाली ती मतदारास.

खिडकीबाहेरच्या इसमापर्यंत कायद्याचा हात सहसा पोहोचत नाही. अमेरिकेच्या २०१६ च्या निवडणुकीत ढवळाढवळ केल्याबद्दल विशेष अभियोक्ते रॉबर्ट म्यूलर यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये १३ रशियन नागरिक व ३ संस्था यांवर, आणि जुलैत रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या १२ अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. आरोपपत्रे तपशीलवार होती. परंतु आरोपी परदेशी राहिले. न्यायालयात वकील धाडणाऱ्या एकमेव कंपनीवरील खटलाही मार्च २०२० मध्ये सरकारनेच मागे घेतला. मतदानानंतर येणारा कायदा म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, असाच प्रकार होय. तेव्हा खरा बंदोबस्त मतदानापूर्वीच, आणि तोही पैशाच्या वाटेवरच झाला पाहिजे.

ही वाट आपल्या देशाने फार पूर्वी ओळखली होती. १९७६ च्या परकीय देणगी कायद्याने उमेदवार, राजकीय पक्ष व विधिमंडळांचे सभासद यांना परकी द्रव्य वर्ज्य केले. आणि वृत्तपत्रांचे संपादकही त्याच यादीत बसविले. त्या यादीत आमचेही नाव आहे याचा आम्हांस विषाद नाही. लोकमत घडविणाऱ्याने परक्याचे मीठ खाऊ नये, हे उचितच आहे. परंतु ज्यांनी कायदा करावयाचा त्यांनी तो कसा पाळला? २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, वेदान्त समूहातील कंपन्यांकडून देणग्या घेऊन काँग्रेस व भारतीय जनता पक्ष या दोघांनीही प्रथमदर्शनी या कायद्याचा भंग केल्याचे म्हटले आणि सहा महिन्यांत कारवाई करण्यास सांगितले. झाले ते उलटेच. २०१६ च्या वित्त कायद्याने 'परकीय स्रोत' या शब्दाची व्याख्याच शिथिल केली, आणि २०१८ मध्ये ती सवलत थेट ५ ऑगस्ट १९७६ पासून लागू करण्यात आली. ते वित्त विधेयक लोकसभेने चर्चेवाचून संमत केले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांचे हित येथे मात्र एक होते. कुंपणच शेत खाते, असे याहून वेगळे कशास म्हणावे?

निनावी देणग्यांना वाट देणारे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविले, आणि पैसा कोठून आला हे जाणण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. हा शुभ आरंभ होय. परंतु १९७६ पर्यंत मागे नेलेली ती सवलत त्याने रद्द होत नाही. संसदेने ती स्वतः मागे घ्यावी, आणि पक्षांचे व समाजमाध्यमांवरील प्रचाराचे हिशेब मतदानापूर्वीच जनतेपुढे मांडण्याची सक्ती करावी.

'परकी हात' ही आरोळी आपल्याकडे नवी नाही. विरोधकांचे तोंड बंद करण्यासाठीही ती वापरली गेली आहे. म्हणूनच संशयापेक्षा हिशेबावर विसंबणे श्रेयस्कर. परका मनुष्य घरात शिरतो तो बहुधा आतून कोणी कडी काढल्यामुळे. ती कडी आतून लावण्याचे काम आपलेच आहे.