आकस्मिक श्रवणऱ्हास : ओळख आणि तातडीची उपाययोजना

प्रस्तावना

पावसाळ्यात भिवपुरी परिसरातील धबधब्यांवर जाऊन आलेल्या विद्यार्थ्याचा एक कान दुसऱ्या दिवशी बंद झाल्यास 'कानात पाणी गेले' असा समज होणे स्वाभाविक आहे. एरवी सर्दी, मळ किंवा दडे बसणे ही कारणे दिली जातात. बहुतेक वेळा ती खरीही असतात. तथापि काही रुग्णांत दोष अंतर्कर्णात किंवा श्रवणचेतेत असतो आणि बरे होण्याची वाट पाहण्यात उपचाराचा काळ निघून जातो. प्रस्तुत लेखात हा फरक कसा ओळखावा व त्यानंतर काय करावे, याचा विचार केला आहे.

स्वरूप

72 तासांच्या आत, लागोपाठच्या किमान तीन वारंवारतांवर 30 डेसिबल वा अधिक श्रवणक्षमता घटल्यास त्यास आकस्मिक चेताजन्य श्रवणऱ्हास म्हणतात. डेसिबल हे लॉगॅरिथमिक परिमाण असल्याने 30 डेसिबलची घट म्हणजे तोच ध्वनी ऐकू येण्यासाठी हजारपट तीव्रता लागणे होय. हा विकार बहुधा एकाच कानाला होतो. अनेकांना तो झोपेतून उठल्यावर किंवा दूरध्वनी कानाला लावल्यावर जाणवतो. कानात गुणगुण व कधी चक्करही असते. वेदना सहसा नसतात, म्हणूनच दुर्लक्ष होते. बहुसंख्य रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही. विषाणुसंसर्ग, रक्तपुरवठ्यातील अडथळा व स्वप्रतिकार ही संभाव्य कारणे मानली जातात.

जून 2024 मध्ये पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी, विमानातून उतरल्यावर अचानक काहीच ऐकू येईनासे झाल्याचे आणि विषाणूच्या हल्ल्यामुळे चेताजन्य श्रवणऱ्हास झाल्याचे निदान डॉक्टरांनी केल्याचे जाहीर केले. त्यामुळे हा विषय सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला.

ओळख

श्रवणदोष दोन प्रकारचा असतो. मळ, पाणी किंवा मध्यकर्णातील द्रव यांमुळे ध्वनीचे वहन अडते तो वहनजन्य. अंतर्कर्ण किंवा चेतेतील बिघाडामुळे होतो तो चेताजन्य. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत आढळणारा 512 हर्ट्झचा नादकाटा हा फरक दाखवू शकतो. कंप पावणाऱ्या नादकाट्याचा दांडा कपाळाच्या मध्यभागी टेकविल्यास वहनजन्य दोषात आवाज बाधित कानात, तर चेताजन्य दोषात चांगल्या कानात अधिक ऐकू येतो. नादकाटा नसल्यास तोंड मिटून हुंकार दिल्यानेही साधारण असाच अनुभव येतो. मात्र ही केवळ प्राथमिक सूचना होय. निदानासाठी ऑडिओमेट्री आवश्यक असते. कानाचा पडदा निरोगी दिसला, म्हणजे श्रवण निर्दोष आहे असेही ठरत नाही.

उपाययोजना

1. ऐकू येणे अचानक कमी झाल्यास शक्यतो त्याच दिवशी कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जावे. कानात तेल वा अन्य द्रव घालू नये.
2. सोबत चेहरा वाकडा होणे, बोलणे अडखळणे, हातापायातील शक्ती जाणे किंवा तीव्र चक्कर असल्यास पक्षाघाताची शक्यता गृहीत धरून थेट रुग्णालय गाठावे.
3. स्टिरॉइड उपचार सामान्यतः पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केले जातात. त्यांच्या परिणामकारकतेचा पुरावा निर्णायक नसला, तरी विलंबाने लाभाची शक्यता घटते. पुरेसा गुण न आल्यास दोन ते सहा आठवड्यांच्या काळात पडद्यातून मध्यकर्णात स्टिरॉइडचे इंजेक्शन देता येते. मधुमेही रुग्णांनी आपला आजार डॉक्टरांना अवश्य सांगावा, कारण या औषधांनी रक्तशर्करा वाढते.
4. श्रवणचेतेवरील गाठ नाही, याची खात्री करण्यासाठी एमआरआय तपासणीचा सल्ला दिला जातो.

भिवपुरी रोड स्थानकातून लोकलने कर्जत, कल्याण व मुंबई गाठता येते. मुंबईत वांद्रे येथे 1983 मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाक्-श्रवणदोषांच्या क्षेत्रात कार्यरत आहे. ऐकू येणे पूर्ववत न झाल्यास श्रवणयंत्र व पुनर्वसन यांचा विचार करता येतो.

निष्कर्ष

काही रुग्णांत श्रवण आपोआप सुधारते. परंतु ते कोणाचे सुधारेल, हे आरंभी सांगता येत नाही. त्यामुळे 'दोन-चार दिवस पाहू' ही वृत्ती येथे घातक ठरते. वर्गात एकाएकी मान वळवून एकाच कानाने ऐकू लागलेला विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहज लक्षात येऊ शकतो. त्याला पुढच्या बाकावर बसविणे योग्यच. परंतु त्याआधी त्याच दिवशी तपासणीस पाठविणे अधिक महत्त्वाचे आहे.