गोळी परस्पर बंद करू नका, वजन-साखरेवर नजर ठेवा

धायरी : स्किझोफ्रेनियाची गोळी लागू पडली की भास कमी होतात, माणूस माणसात येतो. पण काही महिन्यांत वजन वाढतं, झोप आवरत नाही, हात थरथरतात. मग ‘गोळीनंच पोरगं बिघडलं’ म्हणत घरचे गोळी थांबवतात आणि आजार पुन्हा उलटतो.

अशा कुटुंबांसाठी धायरीत स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं पुनर्वसन केंद्र आहे. मूळचे धुळे जिल्ह्यातले, कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले दिवंगत डॉ. जगन्नाथ वाणी या संस्थेचे संस्थापक. त्यांच्या पत्नीलाही हाच आजार होता. रुग्णाइतकाच घरच्यांनाही आजार कळला पाहिजे. गोळीचंही तसंच आहे.

ओलान्झापिन, क्लोझापिन या गोळ्यांनी भूक वाढते. त्यातून वजन आणि रक्तातली साखर चढते. गोळी सुरू होतानाच वजन, पोटाचा घेर, बीपी, साखर वहीत लिहून ठेवावी. तीन महिन्यांनी पुन्हा आणि पुढे वर्षातून एकदा तरी तपासावी.

क्लोझापिनमुळे क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासतात. ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. बद्धकोष्ठताही अंगावर काढू नये. बिडी-सिगारेट अचानक सोडली तर या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं, तेही डॉक्टरांना सांगावं.

बायपोलर आजारात लिथियम देतात. उन्हात राबून घाम गेला, जुलाब-उलट्या झाल्या की ते अंगात साठतं. त्यात अंगदुखीवर मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतली तर धोका आणखी वाढतो. तोल जाणं, बोबडं बोलणं, हात जास्त थरथरणं ही लिथियम जास्त झाल्याची लक्षणं.

यापैकी कोणतीही गोळी चालू असताना अंग लाकडासारखं ताठ, जोराचा ताप आणि भान हरपणं असं एकदम दिसलं, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठावं.

बाकी बहुतेक त्रासांवर मात्रा कमी करणं, गोळी बदलणं हे मार्ग असतात. ते डॉक्टरांनीच ठरवायचे. कोणत्याही दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांचा कागद सोबत न्यावा. मानसिक आजाराबाबत सल्ल्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो.