पन्हाळा ते पावनखिंड : आधी मुक्काम ठरवा, मग वाट धरा



दर जुलैत पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे पायी जाणारे तरुणांचे जथे आपण पाहतो. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून याच मुलखातून विशाळगडाकडे गेले आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी शत्रूला रोखून धरले. तीच आजची पावनखिंड. ही वाट आपल्या मुलाबाळांनीही एकदा पायाखाली घालावी. पण जुलैत आपली भाताची रोपलावण चालू असते. शिवाय धुके, चिखल आणि फुगलेले ओढे. घरच्या मंडळींना घेऊन जायचे तर मळणी उरकल्यावर मार्गशीर्षात निघावे.

चालीचा हिशेब

वाट साधारण पन्नास किलोमीटरची. धडधाकट तरुण ती दोन दिवसांत तोडतात. बायकामुलांसह तीन दिवस धरावेत, म्हणजे रोज सतरा किलोमीटर पडतात. चढउताराच्या वाटेवर ताशी अडीच किलोमीटरच चाल होते. म्हणजे सात तास चालणे आणि दीड-दोन तास जेवण-विसावा. सकाळी सातला निघालात तर चारच्या सुमारास मुक्कामी पोचाल. त्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मधले दोन तास हाताशी राखून ठेवावेत. वाट चुकली, कुणाचा पाय मुरगळला, तर तेच उपयोगी पडतात. अंधारात रान तुडवू नये. या भागात गवे आहेत, फुरसे-घोणसही आहेत.

मुक्काम

म्हाळुंग्यावरून मसाई पठार चढले की पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी अशा वाड्या लागतात. पहिली रात्र खोतवाडी-करपेवाडीच्या आसपास आणि दुसरी माळेवाडी-पाटेवाडीच्या आसपास काढावी. तिसऱ्या दिवशी पांढरेपाण्यावरून खिंड गाठता येते.

वाडीतल्या माणसांना किमान आठ दिवस आधी निरोप द्यावा. माणसे किती, त्यांत बायका किती, जेवण हवे की नुसता निवारा, हे स्पष्ट सांगावे. पाचदहा घरांच्या वाडीत रात्री आठला वीस माणसे उभी राहिली, तर घरधनीण काय करील? तिच्या डब्यातले तांदूळ तिच्या मुलांचे असतात. म्हणून तांदूळ, डाळ, तेल-मीठ आपले न्यावे आणि जेवणाचे व राहण्याचे पैसे न मागता द्यावेत. बायकांच्या अंघोळीची व शौचाची सोय आधीच विचारावी. दाराशी गेल्यावर संकोच होतो.

ओझे आणि पाणी

प्रत्येकाच्या पाठीवर सात-आठ किलोपेक्षा जास्त ओझे नको. एक जादा कपड्यांचा जोड, घोंगडी, विजेरी, काडेपेटी, नेहमीची औषधे एवढे पुरे. नवे बूट घालून निघू नये, टाचा सोलतात. मसाई पठार उघडे आणि जांभ्या दगडाचे आहे, सावली फारशी नाही. तेथे चढण्यापूर्वी माणशी दोन लिटर पाणी भरून घ्यावे. ओढ्याचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी धुक्यात वाटाड्याशिवाय पठारावर पाऊल टाकू नये आणि गढूळ, वाढता ओढा ओलांडू नये, पाणी उतरेपर्यंत थांबावे. जळू चिकटली तर ओढू नये, नखाने हळूच सरकवून सोडवावी.

बांधावरून एकामागे एक चालावे. रोपवाटिकेत पडलेला पाय म्हणजे कुणाच्या तरी पिकाचे नुकसान. हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, पण सोबतच्या शहरी पाहुण्यांना जरूर सांगावे.

निघण्यापूर्वी घरी

गोठ्यापासून सुरुवात करावी. तीन दिवस धार कोण काढील, वैरण-पाणी कोण पाहील, गाय-म्हैस विणार तर नाही ना? उसाला तोड येण्याची तारीखही पाहून घ्यावी. परतीची एस.टी. कुठून आणि किती वाजता, हे आगारात विचारून ठेवावे. दोन्ही मुक्कामांची नावे, तेथील घरधन्याचे नाव आणि परतण्याचा दिवस एका कागदावर लिहून तो घरात ठेवावा. रानात फोन लागेलच असे नाही. माणूस वेळेत परतला नाही, तर शोध कोठून सुरू करायचा हे तो कागदच सांगतो.