विश्लेषण : तोंडात तार रुतते, एक्स-रे मात्र नॉर्मल! ‘शॉक’ उपचार कधी देतात?

दात शाबूत, एक्स-रे नॉर्मल; तरीही तोंडात तार रुतल्यासारखी वाटते. रुग्ण नाटक करत नसतो, त्याला ते खरेच जाणवते. दुप्रे आणि काम्यू या फ्रेंच डॉक्टरांनी १९०७ मध्ये या आजाराला ‘सेनेस्थोपॅथी’ असे नाव दिले.

उपचार काय?
आधी औषधे. त्यांनी गुण आला नाही, तर ईसीटी. यात मेंदूला काही सेकंद नियंत्रित वीजप्रवाह देतात. काहींना आराम पडल्याच्या नोंदी आहेत. मात्र पुरावा मोजक्या रुग्णांपुरताच आहे आणि त्रास परतू शकतो.

शॉकची भीती वाटते?
सिनेमात दाखवतात तसा, भूल न देता शॉक देण्यास भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे.

त्यामुळे चांगली दाढ काढून घेण्याआधी एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.